केईएमचे डॉ. सेन आणि झडपेनंतरचे आयुष्य

विष्णुपुरी (नांदेड) : येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दुरूनही ओळखता येतो. हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षांची जाडजूड फाइल असते. सदऱ्याच्या वरच्या बटणापाशी, गळ्याच्या खाचेखालून, छातीच्या मधोमध उतरत गेलेली व्रणाची सरळ रेष दिसते. ही अलीकडच्या शस्त्रक्रियेची खूण. साठी-सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजीबाईंच्या अंगावर मात्र हा व्रण निराळ्या जागी सापडतो. तो डाव्या स्तनाखालून निघतो आणि बरगडीच्या कडेने पाठीकडे वळतो. तरुण डॉक्टरांना असा व्रण आता क्वचितच पाहायला मिळतो. छाती तपासताना तो दिसला की जाणता डॉक्टर एवढेच विचारतो, की ऑपरेशन कोणत्या साली झाले आणि त्यानंतर मुले किती झाली.

त्या वळणदार व्रणामागे वैद्यकाच्या इतिहासातील एक मोठा अध्याय आहे. महाराष्ट्रात तो परळच्या केईएम रुग्णालयात लिहिला गेला आणि तो लिहिणाऱ्यांत अग्रभागी होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत डॉ. सेन यांच्या नावापुढे एकच ओळ असते : भारतातील पहिले हृदयरोपण, १९६८. ती ओळ खरी आहे, परंतु अपुरी आहे. ज्या शस्त्रक्रियेमुळे ते प्रसिद्धीस आले, तिच्यातील रुग्ण काही तासच जगला. ज्या शस्त्रक्रियेने माणसे वीस-वीस, तीस-तीस वर्षे जगली, संसाराला लागली, ती मात्र त्यांच्या नावाशी कोणी जोडत नाही.

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ चा. ते बंगाली कुटुंबातले, परंतु त्यांची कर्मभूमी मुंबई. १९३० च्या दशकात ते सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्यांनी त्याच आवारात व्यतीत केले. या महाविद्यालयाची आणि त्याला जोडलेल्या केईएमची कहाणीही सांगण्याजोगी आहे. इंग्रजी अमदानीत वैद्यकीय अध्यापनाच्या वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत. त्यामुळे या महाविद्यालयासाठी देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली, की येथील अध्यापक भारतीयच असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. १९२६ च्या सुमारास सुरू झालेल्या या संस्थेचे प्रारंभीचे अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता होते. पुढे तेच गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. रुग्णालय महापालिकेचे, भोवती गिरणगावाची वस्ती आणि दादर स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर. राज्याच्या कानाकोपऱ्यातून, रात्रभर गाडीत बसून आलेला रुग्ण येथेच येऊन टेकत असे. शल्यचिकित्सेचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख या नात्याने डॉ. सेन यांच्यापुढे येणाऱ्या रुग्णांत म्हणूनच गिरणीकामगार असत, तसेच कोकणातले आणि घाटावरचे शेतकरीही असत.

या रुग्णांपैकी पुष्कळांचा आजार घशातून सुरू झालेला असे. पाच ते पंधरा वर्षे वयाच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जातीच्या जिवाणूंमुळे सुजतो, दुखतो आणि चार दिवसांत बराही होतो. घरात कोणी त्याची दखल घेत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे आणि घोटे सुजतात. आज एक सांधा, तर उद्या दुसरा. शेक-लेप होतात आणि तेही ओसरते. परंतु जिवाणूंशी लढण्यासाठी शरीराने उभारलेली फौज या वेळी चुकून स्वतःच्याच हृदयावर चाल करून गेलेली असते. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जी दोन पाकळ्यांची झडप असते, तिच्या कडा पुढच्या काही वर्षांत एकमेकींना चिकटत जातात. निरोगी माणसात या झडपेची वाट चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ती दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली आली की रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत साचू लागते. विहिरीवरून घागर आणताना दम लागतो. मग घरातल्या घरात चालतानाही लागतो. रात्री आडवे झाले की जीव घाबरा होतो, म्हणून माणूस बसून झोपतो. खोकल्यातून रक्त पडले की गावात क्षयाची शंका घेतली जाते.

पाश्चात्त्य देशांत हा आजार चाळिशीत उग्र रूप धारण करी. भारतात तो विशीच्या आतच झडप आवळतो, हे येथील डॉक्टरांनी १९६० च्या दशकात आवर्जून नोंदविले. दाटीची घरे, अपुरे पोषण आणि घशाच्या दुखण्याकडे होणारे दुर्लक्ष ही त्यामागची कारणे. थोडक्यात, हा गरिबीचा हृदयरोग आहे. त्यातही मुलींची अवस्था अधिक बिकट. गर्भारपणात अंगातले रक्त जवळपास दीडपट होते आणि अरुंद झडपेला तो लोंढा पेलवत नाही. धाप लागणारी सून आळशी ठरते. मुलगी असेल, तर दुखणे लपवून तिचे लग्न उरकले जाते. पहिल्या बाळंतपणात अशा कित्येक जणी दगावत आणि मृत्यूचे खरे कारण घरच्यांना कधी कळतही नसे.

औषधांनी अंगावरची सूज उतरे, पण झडप उघडत नसे. ती हाताने उघडावी, ही कल्पना शल्यचिकित्सकांच्या मनात फार आधी आली होती. बोस्टनमध्ये इलियट कटलर यांनी १९२३ मध्ये तसा प्रयत्न केला. लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी १९२५ मध्ये एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी केली. मुलगी वाचली, परंतु सूटर यांच्याकडे त्यानंतर एकाही वैद्याने असा दुसरा रुग्ण पाठविला नाही. हृदयाला हात लावणे हे तेव्हाच्या जाणत्यांना औद्धत्य वाटत होते. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे कोणी त्या वाटेला फारसे फिरकले नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शल्यचिकित्सक ड्वाइट हार्कन यांनी इंग्लंडमधील लष्करी रुग्णालयात सैनिकांच्या छातीत, हृदयालगत आणि काहींच्या थेट हृदयात रुतलेले १३४ तुकडे काढले. त्यात एकही सैनिक दगावला नाही. हृदय हात लावू देते, हे त्यातून सिद्ध झाले. जून १९४८ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि त्यांच्यापाठोपाठ बोस्टनमध्ये हार्कन यांनी झडप मोकळी करण्यात यश मिळविले. बेली यांचे आधीचे रुग्ण दगावले होते. आणखी एक मृत्यू झाला तर शस्त्रक्रियेची परवानगीच जाईल, या भीतीने त्यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया ठरविल्या. सकाळचा रुग्ण गेला. दुपारची तरुण स्त्री जगली. आठवडाभरातच तिला आगगाडीने हजार मैलांवरच्या शिकागोला नेऊन त्यांनी वैद्यकीय परिषदेपुढे उभे केले. ती स्वतःच्या पायांनी चालत आली, हाच त्यांचा पुरावा होता. तिच्या मनाचे काय झाले असेल, हा विचार त्या काळी कोणाला सुचला असेलसे वाटत नाही.

हार्कन यांची सुरुवातही अशीच जीवघेणी होती. पहिल्या दहांपैकी सहा रुग्ण दगावले आणि त्यांनी हे काम सोडण्याचा निश्चय केला. त्यांचे सहकारी हृदयरोगतज्ज्ञ लॉरेन्स एलिस यांनी त्यांची समजूत घातली आणि काम पुढे चालू राहिले. याच हार्कन यांच्या चार बऱ्या झालेल्या रुग्णांनी १९५१ मध्ये बोस्टनमध्ये एक मंडळ स्थापन केले. ते सांधलेल्या हृदयांची संघटना या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्याच्या खाटेशी जाऊन बसायचे आणि आपण यातून गेलो आहोत हे त्याला दाखवायचे, एवढेच त्याचे काम. डॉक्टर सांगू शकत नाही अशा काही गोष्टी आधीचा रुग्ण सांगू शकतो, हे त्यांनी हेरले होते. ही संघटना पुढे अमेरिकाभर पसरली.

हे सारे ताजे असतानाच, १९५२ मध्ये, डॉ. सेन यांनी केईएममध्ये ही शस्त्रक्रिया हाती घेतली. स्वातंत्र्याला उणीपुरी पाच वर्षे झाली होती. हृदयाचे काम तात्पुरते सांभाळणारे यंत्र नव्हते, आजच्यासारखा अतिदक्षता विभाग नव्हता आणि झडपेचे चित्र दाखविणारी सोनोग्राफीही नव्हती. छातीवर नळी टेकवून ऐकलेला आवाज, क्ष-किरण चित्र आणि हृदयाचा आलेख एवढ्यावरून निदान करायचे. पेनिसिलिन आणि नळीवाटे दिली जाणारी भूल या दोन गोष्टी मात्र हाताशी आल्या होत्या आणि त्यांनीच हे धाडस शक्य केले.

शस्त्रक्रिया सांगायला सोपी, करायला कठीण. रुग्णाला उजव्या कुशीवर निजवून डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांमधून छाती उघडायची. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीच्या टोकासारखा एक लहानसा उंचवटा असतो. त्याच्याभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालायचा, छेद घ्यायचा आणि तर्जनी आत सारून क्षणार्धात नाडी आवळायची. आता बोट धडधडत्या हृदयाच्या आत आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. बोटाच्या टोकाला झडपेचे अरुंद तोंड लागते, बोट आत असेपर्यंत रक्ताची वाटही अडते. मोजक्या क्षणांत चिकटलेल्या कडा दाबून विलग करायच्या. दाब कमी पडला तर झडप उघडत नाही. अधिक झाला तर पाकळी फाटते, रक्त उलटे फिरते आणि पहिल्यापेक्षा वाईट रोग मागे राहतो. पुढे यासाठी पसरणारे पोलादी अवजार आले, तरी शल्यचिकित्सकाची खरी मदार स्पर्शावरच राहिली. डॉ. सेन चित्रेही काढीत. ज्या माणसाला रेषेचा अंदाज असतो त्याला न दिसणाऱ्या कडेचाही अंदाज येत असावा, असे मानण्याचा मोह होतो. हा अर्थात आमचा तर्क.

या शस्त्रक्रियेने शरीर ज्या वेगाने सुधारे, त्याला तोड नव्हती. भूल उतरताच दुखण्याची तीव्र जाणीव होई, कारण बरगड्या ताणलेल्या असत. प्रत्येक श्वास टाक्यांवर ओढ देई. छातीतून निघालेली रबरी नळी खाटेखालच्या बाटलीत सोडलेली असे आणि पाण्यातले बुडबुडे पाहत पडून राहायचे. खोकल्याची भीती सर्वांत मोठी. पण खोकला काढला नाही तर फुप्फुसात कफ साचतो, म्हणून सिस्टर आणि व्यायामोपचार करणारे उशी छातीशी धरायला लावून खोकायला भाग पाडत. डावा हात वर उचलण्याचा सराव रोज करावा लागे, नाही तर खांदा आखडतो. हे सगळे खरे. पण या दुखण्याच्या आतच रुग्णाला एक नवी गोष्ट जाणवे. दम लागत नाहीसा झालेला असे. कित्येक वर्षांनी माणूस रात्री पाठ टेकून झोपे. धाप ही इतकी सवयीची झालेली असे, की ती नसण्याचीच प्रथम धास्ती वाटावी.

मनाचे बरे होणे एवढे सरळ नव्हते आणि आजही नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत कारण नसताना रडू येते, झोप लागत नाही, लागली तर भयंकर स्वप्ने पडतात, बारीकसारीक गोष्टी आठवत नाहीत आणि चिडचिड वाढते. पोटाच्या किंवा पायाच्या शस्त्रक्रियेनंतर हे एवढ्या प्रमाणात होत नाही. हृदय थांबले तर, हा प्रश्न उशाशी बसलेला असतो. नाडीवर बोट ठेवून ठोके मोजण्याचा नाद लागतो. दुसरीकडे घरचे लोक जपण्याचा अतिरेक करतात. उठू नकोस, वाकू नकोस, जिना चढू नकोस. बरा झालेला माणूस अशा घरात वर्षानुवर्षे रोगी म्हणून वागविला जातो आणि हळूहळू तसाच वागू लागतो. आज हृदयशस्त्रक्रियेनंतर चालण्याचा नेमून दिलेला कार्यक्रम असतो, समुपदेशनही मिळू शकते. त्या काळी आपल्याकडे बोस्टनसारखे मंडळ कोण काढणार? परंतु सार्वजनिक रुग्णालयाच्या लांबलचक वॉर्डात एक सोय आपोआप होती. शेजारच्या खाटेवर दहा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेला रुग्ण असायचा. तो उठून चालतो, जेवतो, हसतो, हे पाहणे हाच नव्या रुग्णाचा धीर. खासगी खोलीत हा लाभ नाही.

घरी परतलेल्या स्त्रीपुढे खरा प्रश्न उभा राहत असे तो लग्नाचा आणि मुलांचा. अविवाहित मुलीच्या छातीवरचा व्रण हा स्थळे येण्याच्या आड येणारा डाग मानला जाई. विवाहितेला मूल होऊ द्यावे की नाही, याचे उत्तर सासर, माहेर आणि डॉक्टर वेगवेगळे देत. वैद्यकीय उत्तर आशादायक होते. झडप नीट मोकळी झाली असेल तर बाळंतपण बहुधा सुखरूप पार पडे. गर्भारपणात प्रकृती बिघडलेल्या स्त्रियांवरही ही शस्त्रक्रिया करता येत असे आणि हृदय थांबवावे लागत नसल्याने पोटातले मूल वाचण्याची शक्यता चांगली असे. एका बोटाच्या कामाने दोन जीव वाचत. हृदयरोपणाचा गाजावाजा झाला, याचा मात्र कधी झाला नाही.

अर्थात झडप कायमची बरी होत नसे. मूळ आजार पुन्हा उलटू नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि तेही अनेक वर्षे. इंजेक्शन दुखते, मजुरी बुडते, गावात मिळत नाही. अशी एकेक कारणे साचत जातात आणि इंजेक्शन सुटते. दहा-पंधरा वर्षांनी चिकटलेल्या कडा पुन्हा चिकटतात आणि माणूस पुन्हा परळला येतो. शस्त्रक्रिया तासाभराची असली, तरी बरे होणे हे वर्षांचे काम आहे.

डॉ. सेन यांची जिज्ञासा झडपेपाशी थांबली नाही. सर्पासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचे स्नायू मुख्यतः आतील कप्प्यातल्या रक्तावरच पोसले जातात, हे त्यांनी हेरले. माणसाच्या हृदयाला रक्त पोहोचविणाऱ्या धमन्या बुजल्या तर हृदयाच्या भिंतीला बारीक छिद्रे पाडून तसाच मार्ग देता येईल का, याचा शोध त्यांनी घेतला. डॉ. तेहमटन उदवाडिया, डॉ. किणरे आणि डॉ. जी. बी. परुळकर यांच्यासह या विषयावरचा त्यांचा निबंध १९६५ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सा नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे हीच छिद्रे लेसर किरणांनी पाडण्याचे प्रयोग पाश्चात्त्य देशांत झाले, तेव्हा संशोधकांना परळच्या या कामाचा उल्लेख करावा लागला. महापालिकेच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेतून हे घडले, याचे अप्रूप वाटते.

त्याच प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयरोपणाचे प्रयोग चालू होते. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. सेन आणि त्यांच्या चमूने केईएममध्ये एका तरुण शेतकऱ्यावर ती शस्त्रक्रिया केली. जगातील ती सहावी. तोवर हे धाडस करणारे शल्यचिकित्सक जगात तीनच होते : बर्नार्ड, कँट्रोविट्झ आणि शमवे. रुग्ण अवघे तीन तास जगला. सप्टेंबर १९६८ मध्ये त्यांनी दुसरे रोपण केले. तो रुग्ण चौदा तास जगला. त्यानंतर डॉ. सेन यांनी हृदयरोपण केले नाही.

याला अपयश म्हणावे काय? त्या वर्षी जगभर शंभरच्या आसपास हृदयरोपणे झाली आणि बहुसंख्य रुग्ण वर्ष संपण्यापूर्वीच गेले. शरीर परके हृदय नाकारते आणि ते रोखणारी परिणामकारक औषधे हाती नव्हती. पुढे दोन-तीन वर्षांत बहुतेक शल्यचिकित्सकांनी हा नाद सोडून दिला. मेंदूमृत्यूची व्याख्या अमेरिकेतील समितीने मांडली तीच मुळी ऑगस्ट १९६८ मध्ये. भारतात तसा कायदा व्हायला १९९४ साल उजाडावे लागले आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. मध्ये सव्वीस वर्षे गेली. डॉ. सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषणने गौरविण्यात आले, ते रास्तच झाले. परंतु त्यांच्या कामाचे मोजमाप त्या दोन रात्रींवरून करणे हे त्यांच्यावर आणि त्यांच्या शेकडो रुग्णांवर अन्याय करणारे आहे.

दरम्यान झडपेच्या उपचाराचे स्वरूप बदलले. १९६० मध्ये अमेरिकेत कृत्रिम झडपा बसविण्यास सुरुवात झाली. त्याआधी आलेल्या हृदय-फुप्फुस यंत्रामुळे हृदय थांबवून, उघड्या डोळ्यांनी काम करता येऊ लागले. व्रण बाजूचा होता तो छातीच्या मध्यभागी आला. जी झडप बोटाने उघडण्याच्या पलीकडे गेली आहे ती काढून नवी बसविता येऊ लागली, हे वरदानच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसविण्यात आली आणि परदेशी झडपांच्या मानाने खर्च पुष्कळ उतरला.

मात्र कृत्रिम झडपेबरोबर बरे होण्याची रीतही बदलली. छातीचे मधले हाड चिरलेले असल्याने ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याची बादली उचलायची नाही, दुचाकी चालवायची नाही, खाटेवरून उठताना हातांवर भार द्यायचा नाही. धातूची झडप प्रत्येक ठोक्याला टिकटिकते. रात्रीच्या शांततेत तो आवाज रुग्णाला आणि कधी कधी शेजारी निजलेल्यालाही ऐकू येतो. प्रारंभी त्याने झोप उडते. काही महिन्यांनी तो ऐकू आला नाही तर झोप उडते. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर अर्धांगवायू, अधिक झाली तर रक्तस्राव. म्हणून ठरावीक काळाने आयएनआर नावाची रक्ततपासणी करायची. मेथी-पालक वर्ज्य नाही, परंतु एका आठवड्यात भरपूर आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही असे चालत नाही. दात काढण्यापूर्वीही डॉक्टरला सांगायचे. ही गोळी पोटातल्या गर्भाला घातक ठरू शकते, त्यामुळे तरुण स्त्रीला कोणती झडप बसवावी हा निर्णय आजही अवघड आहे. बोटाने झडप मोकळी झालेल्या बाईला यातले बरेचसे जोखड नव्हते.

डॉ. सेन १९८२ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी जपानमध्ये कांजी इनोउए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून फुगा नेऊन, छाती न उघडता, चिकटलेली झडप मोकळी करून दाखविली. वर्षानुवर्षे शल्यचिकित्सकाच्या तर्जनीने जे केले ते आता पाण्याने फुगणारा फुगा करू लागला. काम तेच, चिकटलेल्या कडा दाबून विलग करण्याचे. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो आणि व्रण राहतो तो मांडीत, सुईच्या टोकाएवढा. ज्या झडपा फुग्याला योग्य आहेत त्यांच्यासाठी जुनी शस्त्रक्रिया आता जवळजवळ कालबाह्य झाली आहे.

मराठवाड्यातल्या रुग्णाची वाट मात्र फारशी आखूड झालेली नाही. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करायचा, दादरला उतरायचे आणि केईएमच्या आवारात केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे. सोबत आलेल्या नातलगाने गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळते का पाहायची. राज्य सरकारने जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत नांदेड होता. आता ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. झडपेच्या शस्त्रक्रियेचा खर्च तिच्यातून भागतो, त्यामुळे शेत विकून ऑपरेशन करण्याची वेळ पुष्कळ घरांवरून टळली. परंतु योजनेचा मोठा भर शस्त्रक्रियेवर. पुढची वीस वर्षे गोळी, रक्ततपासणी आणि दर २१ दिवसांचे इंजेक्शन यांसाठी किनवट वा माहूरकडच्या माणसाला मजुरी बुडवून, एस.टी.चे तिकीट काढून तालुक्याला किंवा विष्णुपुरीला यावेच लागते. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर शस्त्रक्रियेची तारीख असते. शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, पुढच्या इंजेक्शनची.